निकोला टेस्ला

निकोला टेस्ला (जन्म : १० जुलै, इ.स. १८५६, स्मिल्यान, मृत्यू : ७ जानेवारी, इ.स. १९४३, न्यू यॉर्क) हे सर्बियन वंशाचे अमेरिकन संशोधक व विद्युत अभियंता होते. फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारी इंडक्शन मोटर, बहुकला प्रत्यावर्ती विद्युतप्रणाली, उच्च वारंवारतेची विद्युतधारा निर्माण करणारे टेस्ला कुंडल आणि दूरनियंत्रित नौका ही त्यांची प्रमुख कामे होत. तारेविना वीज पोहोचवण्याच्या कल्पनेचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. ती कल्पना त्यांच्या हयातीत फलद्रूप झाली नाही. मात्र रस्त्याखाली बसवलेल्या कुंडलांतून विजेवरील बसगाड्या व मोटारी चार्ज करण्याचे जे प्रयोग आज विविध देशांत चालू आहेत, त्यांची चर्चा टेस्लांच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही.

बालपण व कुटुंब

टेस्लांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्याच्या लष्करी सीमाप्रदेशातील स्मिल्यान या खेड्यात झाला. हे गाव आता क्रोएशियात आहे. वडील मिलुतिन हे सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू होते. आई जुका यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु सर्बियन वीरकाव्ये त्यांना मुखोद्गत होती आणि घरकामाला उपयोगी पडणारी लहानसहान उपकरणे त्या स्वतः तयार करीत. आपली स्मरणशक्ती व कल्पकता आईकडून आली, असे टेस्ला मानत. पाच भावंडांत ते चौथे होते. थोरला भाऊ दाने याचा लहानपणीच घोड्यासंबंधीच्या अपघातात मृत्यू झाला. या घटनेचा घरावर आणि निकोलांच्या मनावर खोल परिणाम झाला. इ.स. १८६२ मध्ये कुटुंब जवळच्या गोस्पिच या गावी राहायला गेले.

शिक्षण

माध्यमिक शिक्षणासाठी टेस्ला कार्लोव्हाक येथे गेले. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत पुरा केला. इ.स. १८७३ मध्ये घरी परतताच त्यांना पटकीची लागण झाली आणि ते अनेक महिने अंथरुणाला खिळून होते. मुलाने धर्मगुरू व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. या आजारपणात मात्र, मुलगा बरा झाल्यास त्याला अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पाठवीन, असे वचन त्यांनी दिले व ते पाळले.

इ.स. १८७५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून टेस्ला ग्राझ येथील तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. तेथे वर्गात दाखवलेल्या ग्राम डायनॅमोच्या ब्रशांतून ठिणग्या उडताना त्यांनी पाहिल्या. कम्युटेटर व ब्रश यांखेरीज मोटर चालवता येईल, असे त्यांनी सुचवले. प्राध्यापक पोशल यांनी ही गोष्ट अशक्य असल्याचे वर्गासमोर सांगितले. पहिल्या वर्षी उत्तम गुण मिळवणारे टेस्ला पुढे जुगाराच्या नादी लागले, त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली आणि पदवी न घेताच त्यांनी संस्था सोडली. इ.स. १८७९ मध्ये वडील वारले. इ.स. १८८० मध्ये प्राग येथे काही काळ त्यांनी व्याख्याने ऐकली. पण तेथेही पदवी घेतली नाही.

बुडापेस्ट व पॅरिस

इ.स. १८८१ मध्ये टेस्ला बुडापेस्टमधील दूरध्वनी केंद्रात नोकरीला लागले. त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, इ.स. १८८२ मध्ये तेथील एका उद्यानात मित्रासोबत फिरत असताना फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना त्यांना सुचली. एकमेकींच्या मागे-पुढे असणाऱ्या दोन किंवा अधिक प्रत्यावर्ती धारा निरनिराळ्या कुंडलांतून सोडल्या, तर त्यांचे एकत्रित चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. आतील धातूच्या भागात त्यामुळे विद्युतप्रवाह प्रवर्तित होतो आणि तो भाग क्षेत्रामागे ओढला जाऊन फिरतो. फिरणाऱ्या भागाला वीज देण्यासाठी ना ब्रश लागतो ना कम्युटेटर. याच वर्षी ते पॅरिसमधील एडिसन कंपनीत रुजू झाले. कंपनीच्या कामासाठी स्ट्रासबुर्ग येथे असताना त्यांनी या तत्त्वावरची पहिली मोटर तयार केली. तिला युरोपात भांडवलदार मिळाला नाही.

अमेरिकेतील पहिली वर्षे

जून १८८४ मध्ये टेस्ला न्यू यॉर्कला पोहोचले आणि थॉमस एडिसन यांच्या कारखान्यात काम करू लागले. ही नोकरी सुमारे सहा महिनेच टिकली. त्यानंतर काही गुंतवणूकदारांच्या साहाय्याने त्यांनी न्यू जर्सीमधील रावे येथे प्रकाशयोजनेची कंपनी काढली. त्यांनी बसवलेली आर्क दिव्यांची व्यवस्था यशस्वी झाली. पण गुंतवणूकदारांनी धंद्याचा ताबा घेऊन त्यांना बाजूला केले. पेटंटे कंपनीच्या नावावर असल्याने त्यांच्या हाती काही उरले नाही. इ.स. १८८६-८७ च्या हिवाळ्यात टेस्लांना दिवसाला दोन डॉलर मजुरीवर खड्डे खणावे लागले.

प्रत्यावर्ती धारा आणि वेस्टिंगहाउस

एप्रिल १८८७ मध्ये आल्फ्रेड ब्राउन व चार्ल्स पेक या दोघांच्या भांडवलावर टेस्लांची नवी कंपनी व प्रयोगशाळा सुरू झाली. इंडक्शन मोटरची मुख्य पेटंटे १ मे १८८८ रोजी मंजूर झाली. १६ मे रोजी अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी या प्रणालीवर व्याख्यान दिले. इटलीतील गॅलिलिओ फेरारिस यांनी त्याच वर्षी, काही आठवडे आधी, स्वतंत्रपणे हेच तत्त्व प्रसिद्ध केले होते. पुढे मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी त्रिकला मोटर विकसित केली. त्यामुळे या शोधाचे श्रेय एकाच व्यक्तीला देता येत नाही. टेस्लांचे वैशिष्ट्य हे की, जनित्रापासून मोटरीपर्यंतची संपूर्ण प्रणाली त्यांनी एकत्रितपणे मांडली.

उद्योगपती जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी जुलै १८८८ मध्ये ही पेटंटे रोख रक्कम, समभाग आणि प्रत्येक अश्वशक्तीमागे अडीच डॉलर स्वामित्वधन या अटींवर वापरण्यास घेतली. त्या काळी एडिसन यांची दिष्ट धारा आणि वेस्टिंगहाउस यांची प्रत्यावर्ती धारा यांत तीव्र व्यापारी स्पर्धा चालू होती. रोहित्राच्या साहाय्याने प्रत्यावर्ती धारेचा दाब सहज वाढवता किंवा कमी करता येतो. त्यामुळे ती थोड्या ऱ्हासात दूरवर नेता येते. दिष्ट धारेच्या बाबतीत त्या काळी हे शक्य नव्हते. इ.स. १८९० नंतरच्या आर्थिक अडचणीत वेस्टिंगहाउस यांच्या विनंतीवरून टेस्लांनी स्वामित्वधनावरील हक्क सोडून दिला. इ.स. १८९७ मध्ये कंपनीने एकरकमी २,१६,००० डॉलर देऊन पेटंटे विकत घेतली. स्वामित्वधन चालू राहिले असते, तर पुढील प्रयोगांसाठी त्यांना कदाचित इतरांच्या दारी जावे लागले नसते.

इ.स. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउस कंपनीने प्रत्यावर्ती धारेने दिवे उजळले. इ.स. १८९५ मध्ये नायगारा धबधब्यावरील वीजकेंद्रात प्रत्येकी ५,००० अश्वशक्तीची द्विकला जनित्रे चालू झाली. नोव्हेंबर १८९६ मध्ये ही वीज बफेलो शहरात पोहोचली. तिचा तेथील पहिला उपयोग रस्त्यावरील ट्राम चालवण्यासाठी झाला. दूरच्या जलविद्युत केंद्रातील विजेवर शहराची सार्वजनिक वाहतूक चालू शकते, हे यातून सिद्ध झाले.

उच्च वारंवारतेचे प्रयोग

३० जुलै १८९१ रोजी टेस्लांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. याच वर्षी त्यांनी आज टेस्ला कुंडल म्हणून ओळखले जाणारे साधन बनवले. त्यात दोन कुंडले असतात व ती एकाच वारंवारतेला जुळवलेली असतात. झोका त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलला, तर थोड्या बळानेही तो उंच जातो. त्याचप्रमाणे जुळवलेल्या कुंडलात विजेची आंदोलने मोठी होत जातात. यास अनुस्पंदन म्हणतात. मे १८९१ मध्ये कोलंबिया महाविद्यालयातील व्याख्यानात टेस्लांनी तारेने न जोडलेल्या काचेच्या नळ्या हातात धरून उजळून दाखवल्या. इ.स. १८९२ मध्ये लंडन व पॅरिस येथेही त्यांनी असे प्रयोग केले. त्याच वर्षी त्यांच्या आईचे निधन झाले.

१३ मार्च १८९५ रोजी न्यू यॉर्कमधील त्यांच्या प्रयोगशाळेला आग लागली आणि उपकरणे, नमुने व टिपणे भस्मसात झाली. तरीही त्यांनी काम पुन्हा उभे केले. इ.स. १८९८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे रेडिओ लहरींनी नियंत्रित होणारी छोटी नौका त्यांनी लोकांना दाखवली.

स्वामी विवेकानंदांशी भेट

इ.स. १८९६ च्या आरंभी न्यू यॉर्क येथे टेस्ला व स्वामी विवेकानंद यांची भेट झाली. अभिनेत्री सारा बर्नहार्ट याही त्या प्रसंगी उपस्थित होत्या. सांख्य व वेदान्त विचारांतील प्राण आणि आकाश या संकल्पनांविषयी टेस्लांना कुतूहल वाटले. बल व द्रव्य ही दोन्ही एकाच मूळ ऊर्जेची रूपे असल्याचे गणिताने दाखवता येईल, असे त्यांनी सांगितल्याचे विवेकानंदांच्या पत्रव्यवहारातून कळते. तशी गणिती सिद्धता टेस्लांनी पुढे दिली नाही. द्रव्यमान व ऊर्जा यांचा संबंध इ.स. १९०५ मध्ये आल्बर्ट आइनस्टाइन यांनी वेगळ्या मार्गाने मांडला.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज व वॉर्डनक्लिफ मनोरा

मे १८९९ ते जानेवारी १९०० या काळात टेस्लांनी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे प्रचंड आकाराच्या कुंडलावर प्रयोग केले व कृत्रिम विजेचे लांबच लांब लोळ निर्माण केले. पृथ्वी हीच एक वाहक असून तिच्यात योग्य वारंवारतेची आंदोलने उत्पन्न केल्यास जगात कोठेही ती वीज काढून घेता येईल, अशी त्यांची खात्री झाली.

बँकर जे. पी. मॉर्गन यांनी अटलांटिकपार संदेशवहनासाठी दीड लाख डॉलर दिले. त्या बळावर इ.स. १९०१ मध्ये लाँग आयलंडवरील शोरहॅम येथे वॉर्डनक्लिफ मनोऱ्याचे काम सुरू झाले. मनोऱ्याची उंची सुमारे १८७ फूट (५७ मीटर) होती. डिसेंबर १९०१ मध्ये गुल्येल्मो मार्कोनी यांनी बऱ्याच कमी खर्चाच्या यंत्रणेने अटलांटिकपार संकेत पोहोचवल्याचे जाहीर केले. तेव्हा टेस्लांनी आपली योजना वाढवली आणि संदेशांबरोबर वीजही बिनतारी पाठवण्याचा हेतू मॉर्गन यांना कळवला. मॉर्गन यांनी अधिक पैसा देण्यास नकार दिला. अन्य गुंतवणूकदारही पुढे आले नाहीत. काही वर्षांत काम थांबले, टेस्लांना मानसिक खचलेपणाने ग्रासले आणि हॉटेलच्या थकलेल्या देण्यापोटी ती मालमत्ता गेली. इ.स. १९१७ मध्ये मनोरा पाडण्यात आला.

या अपयशाचे कारण केवळ पैशाचा अभाव हे नव्हते. मोकळ्या अवकाशात पसरणारी ऊर्जा अंतराबरोबर विरळ होत जाते, आणि पृथ्वीच्या माध्यमातून मोठ्या प्रमाणात वीज दूरवर पोहोचल्याचे प्रात्यक्षिक टेस्लांनी कधीही दिले नाही. आजच्या भौतिकशास्त्राच्या दृष्टीने, भरपूर पैसा मिळाला असता तरी ती योजना अपेक्षेप्रमाणे चालली नसती.

रेडिओच्या श्रेयाचा वाद

रेडिओच्या शोधावरून टेस्ला व मार्कोनी यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. टेस्लांच्या मृत्यूनंतर, २१ जून १९४३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑलिव्हर लॉज, जॉन स्टोन व टेस्ला यांच्या आधीच्या कामाच्या आधारे मार्कोनी यांच्या एका पेटंटातील महत्त्वाचे दावे रद्द ठरवले. रेडिओचे सर्व श्रेय टेस्लांना दिले, असा या निकालाचा अर्थ लावला जातो. तो बरोबर नाही.

उत्तरायुष्य व मृत्यू

इ.स. १९१३ मध्ये टेस्लांना पाती नसलेल्या टर्बाइनचे पेटंट मिळाले. परंतु ते यंत्र व्यवहारात रुजले नाही. इ.स. १९१७ मध्ये त्यांना अमेरिकन विद्युत अभियंता संस्थेचे एडिसन पदक प्रदान करण्यात आले. ते अविवाहित राहिले. हॉटेलांची बिले थकत आणि एक हॉटेल सोडून त्यांना दुसऱ्यात जावे लागे. कबुतरांना दाणे घालणे व जखमी कबुतरांची शुश्रूषा करणे यांत ते रमत. इ.स. १९३४ पासून वेस्टिंगहाउस कंपनी त्यांना दरमहा १२५ डॉलर व हॉटेल न्यू यॉर्करमधील खोलीचे भाडे देऊ लागली. इ.स. १९३७ मध्ये एका टॅक्सीने धडक दिल्याने ते जबर जखमी झाले. त्यानंतर त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही.

७ जानेवारी १९४३ रोजी त्या हॉटेलच्या तेहतिसाव्या मजल्यावरील खोली क्रमांक ३३२७ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ८६ वर्षांचे होते. अंत्यविधीला दोन हजारांहून अधिक लोक उपस्थित होते. त्यांचा रक्षाकलश व कागदपत्रे आज बेलग्रेड येथील निकोला टेस्ला संग्रहालयाशी निगडित आहेत.

बिनतारी चार्जिंगशी संबंध

चालत्या वाहनाला प्रवर्तनाने वीज देण्याची कल्पना टेस्लांची नाही. फ्रेंच अभियंते मॉरिस युतँ व मॉरिस लब्लाँ यांना विद्युत रेल्वेसाठी अशा रोहित्र प्रणालीचे अमेरिकी पेटंट इ.स. १८९४ मध्ये मिळाले होते. आजच्या प्रणालीत त्या कल्पनेबरोबरच टेस्लांनी वापरलेली उच्च वारंवारता आणि अनुस्पंदन ही दोन्ही तत्त्वे एकत्र आली आहेत. प्रवर्तनाचे मूळ तत्त्व मायकेल फॅरडे यांनी इ.स. १८३१ मध्ये शोधले होते.

रस्त्याखालील कुंडलात उच्च वारंवारतेची प्रत्यावर्ती धारा सोडली की, बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. वाहनाच्या तळाशी असलेल्या कुंडलात त्यामुळे वीज उत्पन्न होते व ती दिष्ट करून बॅटरीत साठवली जाते. मोटारींसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ही वारंवारता ८५ किलोहर्ट्झच्या आसपास ठरवलेली आहे. दोन कुंडलांतील अंतर काही सेंटिमीटरच असते. वाहन बाजूला सरकले किंवा अंतर वाढले, तर कार्यक्षमता झपाट्याने घटते. म्हणजे टेस्लांना वीज जगभर पोहोचवायची होती. प्रत्यक्षात हे तंत्र वीतभर अंतरावर यशस्वी झाले.

सार्वजनिक वाहतुकीत याचा उपयोग विशेष मानला जातो, कारण बसचा मार्ग व थांबे ठरलेले असतात. वाटेतच वारंवार थोडी थोडी वीज मिळाली, तर बसला लहान व हलकी बॅटरी पुरते. दक्षिण कोरियातील गुमी शहरात इ.स. २०१३ मध्ये २४ किलोमीटरच्या मार्गावर अशा दोन बस सुरू झाल्या. मार्गाच्या थोड्याच भागाखाली कुंडले होती. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे इ.स. २०१४ पासून मार्ग क्रमांक ७ च्या आठ बस शेवटच्या थांब्यांवर उभ्या असताना बिनतारी चार्ज होऊ लागल्या. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ४०० मीटर रस्ता असा तयार करण्यात आला. रस्ता खोदण्याचा व दुरुस्तीचा खर्च ही या तंत्रापुढील मुख्य अडचण आहे.

महाराष्ट्र व खारघर परिसर

महाराष्ट्रात नागपूर येथील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने तिरुअनंतपुरमच्या सी-डॅक केंद्राबरोबर विजेवरील वाहनांसाठी दीड किलोवॅट क्षमतेचा देशी बिनतारी चार्जर विकसित केला. इ.स. २०२५ मध्ये त्याचे तंत्रज्ञान उत्पादनासाठी हस्तांतरित करण्यात आले. हा चार्जर उभ्या असलेल्या वाहनासाठी आहे. खारघर व पनवेल भागात धावणाऱ्या नवी मुंबई परिवहन उपक्रमाच्या विजेवरील बस आगारात केबल जोडून चार्ज केल्या जातात. या भागातील पावसाळा आणि सतत खोदले जाणारे रस्ते पाहता, रस्त्याखाली कुंडले बसवण्यापेक्षा आगारात वा शेवटच्या थांब्यावर बिनतारी चार्जिंग करणे अधिक व्यवहार्य ठरू शकते.

टेस्लांच्या प्रणालीचा प्रत्यय मात्र खारघरच्या प्रवाशाला रोज येतो. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेवरील ट्राम आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बर मार्गावर व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विद्युत रेल्वे धावली. त्या रेल्वेसाठी १,५०० व्होल्टची दिष्ट धारा वापरली जाई. खारघर स्थानक ज्या हार्बर मार्गावर आहे, तो एप्रिल २०१६ मध्ये २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेवर आला आणि मुंबईच्या उपनगरी रेल्वेतील दिष्ट धारेचे पर्व संपले. या लोकलगाड्यांची चाके फिरवणाऱ्या त्रिकला मोटरी इंडक्शन तत्त्वावर चालतात. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेली बेलापूर ते पेंधर ही खारघरमधून जाणारी मेट्रोही प्रत्यावर्ती धारेवरच धावते.

प्रचलित गैरसमज

टेस्लांविषयी अनेक दंतकथा रूढ आहेत. जगाला फुकट वीज देणारे यंत्र त्यांच्याकडे होते व ते दडपले गेले, या समजाला आधार नाही. मृत्यूनंतर त्यांची कागदपत्रे सरकारने ताब्यात घेतली. ती तपासणारे अभियंता जॉन जी. ट्रम्प यांना त्यांत घातक शस्त्र सापडले नाही. कोलोरॅडोत मैलोगणती दूरचे दिवे बिनतारी पेटवल्याची कथाही सिद्ध झालेली नाही. प्रत्यावर्ती धारेचा शोध टेस्लांनी लावला, हे विधानही चुकीचे आहे; ती आधीपासून ज्ञात होती. तिच्यावर चालणारी व्यवहार्य मोटर नव्हती आणि ती उणीव भरून काढण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

सन्मान

इ.स. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय वजन-मापे परिषदेने चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव दिले. रुग्णालयातील एमआरआय यंत्राची क्षमता याच एककात सांगितली जाते. इ.स. २००६ मध्ये बेलग्रेडच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले. विजेवरील मोटारी बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनेही त्यांचे नाव घेतले आहे. त्या कंपनीशी टेस्लांचा वा त्यांच्या कुटुंबाचा संबंध नाही.